दहा तास उकळणारा चौकोनी भात

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की आपल्या घरचा भात तयार होतो. उघड्या पातेल्यात करायचा म्हटला तरी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. पण तांदळाचाच एक पदार्थ असा आहे, की तो सलग दहा ते बारा तास उकळत्या पाण्यात ठेवावा लागतो, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का?

हा पदार्थ व्हिएतनाममधला. त्याचे नाव 'बान्ह चुंग'. तेथील नववर्षाच्या सणाला 'तेत' म्हणतात. आपल्या पंचांगासारखेच तेथील पंचांगही चंद्रावर चालते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यातही अधिक महिना धरतात. त्यामुळे तेतची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२५ साली तेत २९ जानेवारीला होता, तर २०२६ साली १७ फेब्रुवारीला. सणाच्या दोन-तीन दिवस आधी उत्तर व्हिएतनाममधील घराघरांत बान्ह चुंगचा मोठा हंडा किंवा पत्र्याचे पिंप चुलीवर चढते. रात्रभर जाळ चालू राहतो, आणि चुलीभोवती बसून जागण्याची मुलांना मोठी हौस असते.

दहा तास म्हणजे केवढे सरपण! इतका वेळ खरोखरच लागतो, की ही नुसती चालत आलेली रूढी आहे? वेळ निम्म्यावर आणला तर काय बिघडेल? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या दोघांचीही मदत घ्यावी लागते. चला, आपण क्रमाने पाहू.

पदार्थ कसा करतात?

बान्ह चुंग म्हणजे पानात बांधलेली भाताची चौकोनी वडी. ती साधारण १५ सें.मी. लांब, तेवढीच रुंद आणि सुमारे ६ सें.मी. जाड असते. एका वडीला अंदाजे ५०० ग्रॅम चिकट जातीचा तांदूळ, २०० ग्रॅम मुगाची डाळ आणि १५० ग्रॅम चरबीयुक्त डुकराचे मांस लागते. शिवाय मीठ, मिरी आणि कांदा. मांस न खाणाऱ्यांसाठी नुसत्या डाळीची वडीही करतात.

तांदूळ रात्रभर भिजवून निथळतात आणि त्याला मीठ लावतात. डाळ भिजवून, वाफवून कुस्करून घेतात. मांसाला मीठ-मिरी चोळून ठेवतात. मग 'झोंग' नावाच्या झुडपाची रुंद हिरवी पाने स्वच्छ धुऊन, पुसून लाकडी चौकटीत मांडतात. त्यावर पहिला थर तांदळाचा, दुसरा डाळीचा, मधे मांस, पुन्हा डाळ आणि शेवटी तांदूळ. पाने दुमडून पुडी मिटली की ती बांबूच्या पातळ, लवचीक पट्ट्यांनी बांधतात. अशा दहा-वीस पुड्या हंड्यात रचून त्या बुडतील इतके पाणी ओततात, आणि जाळ लावतात.

या पदार्थाची एक जुनी कथाही आहे. हुंग घराण्यातील एका राजाला आपला वारस निवडायचा होता. जो सर्वांत उत्तम नैवेद्य आणील त्याला राज्य, असे त्याने पुत्रांना सांगितले. इतरांनी दुर्मिळ वस्तू आणल्या. लांग लिएउ नावाच्या गरीब राजपुत्राने मात्र तांदळाचे दोन पदार्थ केले: आकाशाचे प्रतीक म्हणून गोल आणि पृथ्वीचे प्रतीक म्हणून चौकोनी. त्याला राज्य मिळाले. त्यातला चौकोनी पदार्थ तो हाच.

उष्णता आत कशी शिरते?

आपण वरण उकळतो तेव्हा तळाचे गरम पाणी वर येते, वरचे थंड पाणी खाली जाते. हे उष्णतेचे अभिसरण. पातेल्यातल्या तांदळाच्या प्रत्येक दाण्याभोवती असे गरम पाणी खेळत असते. दाणा जेमतेम दोन मिलिमीटर जाड, त्यामुळे तो लगेच तापतो.

बान्ह चुंगची गोष्ट वेगळी. येथे हजारो दाणे एकमेकांना चिकटून घट्ट बांधलेले आहेत. आत पाणी खेळू शकत नाही. म्हणजे अभिसरण बंद! उष्णतेला एकच मार्ग उरतो, तो वहनाचा. आणि ओला तांदूळ हा फारच मंद वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता त्याच्या कित्येक शे पट असते.

आता एक महत्त्वाचा नियम पाहू. वडीची जाडी दुप्पट केली तर मध्यभाग तापायला किती वेळ लागेल? तुम्ही म्हणाल, दुप्पट. नाही, चौपट! कारण सोपे आहे. जाडी दुप्पट झाली की तापवायचा माल दुप्पट होतो. शिवाय बाहेरच्या आणि मधल्या तापमानातला तोच फरक आता दुप्पट अंतरावर पसरतो. म्हणजे उताराची तीव्रता निम्मी होते, आणि उष्णता निम्म्याच वेगाने वाहते. माल दुप्पट आणि वेग निम्मा, म्हणून वेळ चौपट. थोडक्यात, वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

या नियमाने हिशेब करू. पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचे अंतर ३ सें.मी. त्याचा वर्ग ९. ओल्या अन्नपदार्थांत तापमान किती वेगाने पसरते हे सांगणारा एक गुणांक असतो. त्याचे मूल्य सेकंदाला सुमारे ०.००१४ चौरस सें.मी. येते. ९ ला ०.००१४ ने भागले की सुमारे ६,४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तास मिळतात. एवढ्या वेळात वडीच्या मध्याचे तापमान २५ अंशांवरून ९० अंश से.च्या पुढे गेलेले असते.

पण ही झाली एकट्या वडीची गोष्ट. हंड्यात दोन वड्या एकमेकींवर सपाट चिकटून बसल्या, तर त्यांच्यामध्ये पाणी जात नाही आणि त्या १२ सें.मी. जाडीच्या एकाच वडीसारख्या वागतात. बाजूंनीही उष्णता शिरते म्हणून वेळ पुरता चौपट होत नाही, तरी तो चार तासांच्या घरात जातो. म्हणून पुड्या रचताना त्यांच्यामधून पाणी फिरू शकेल अशी जागा राहणे चांगले.

दक्षिण व्हिएतनाममध्ये हाच पदार्थ केळीच्या पानात लांबट दंडगोल बांधून करतात. त्याला 'बान्ह तेत' म्हणतात. चपट्या वडीत उष्णता मुख्यतः वरून आणि खालून शिरते, तर दंडगोलात ती चहूबाजूंनी शिरते. त्यामुळे मोठ्या लांबीरुंदीच्या चपट्या वडीच्या जाडीएवढाच दंडगोलाचा व्यास असेल, तर त्याचा मध्य सुमारे निम्म्या वेळात तापतो.

मग उरलेले तास कशासाठी?

आपल्या हिशेबाने दोन, फार तर चार तासांत उष्णता मध्यापर्यंत पोचली. मग हंडा उतरवायला काय हरकत आहे? येथेच खरी गंमत आहे. तापणे आणि शिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो, तोही सूक्ष्म कणांच्या रूपात. या कणांत स्टार्चचे रेणू व्यवस्थित रचून बसवलेले असतात. साधारणपणे ६० ते ७५ अंश तापमानाला ही रचना मोडू लागते, कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची मऊ, चिकट खळ बनते. यालाच आपण शिजणे म्हणतो. पण त्यासाठी तापमानाबरोबर पाणीही हवे. पुरेसे पाणी नसेल तर दाणा शंभर अंशांनाही पुरता फुगत नाही.

आता पाण्याचा हिशेब मांडू. ५०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ४३५ ग्रॅम घन पदार्थ असतो, बाकी ओलावा. रात्रभर भिजल्यावर दाण्यात सुमारे तीस टक्के पाणी होते, म्हणजे तांदळाचे वजन ६२० ग्रॅमच्या आसपास जाते. शिजलेल्या भातात मात्र निम्म्याहून अधिक पाणी असते. म्हणजे शिजल्यावर हे वजन निदान ८७० ग्रॅम झाले पाहिजे. फरक २५० ग्रॅमचा. निदान पाव लिटर पाणी हंड्यातून पुडीच्या आत जायलाच हवे!

ते जाते कोठून? पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी सहज जात नाही. ते दुमडींच्या फटींतून शिरते आणि दाण्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने आत ओढले जाते. पण बाहेरचे दाणे आधी तापतात, आधी फुगतात आणि या पोकळ्या बुजवतात. त्यानंतर आतल्या दाण्यांकडे पाण्याला खळीतूनच वाट काढावी लागते. खळीतले हे पाण्याचे विसरण उष्णतेच्या मानाने शंभराहून अधिक पटींनी मंद असते. उष्णता दोन तासांत पोचते, पाणी मात्र रेंगाळते.

आता जुन्या पद्धतीतल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागतो. तांदूळ रात्रभर का भिजवायचा? तर प्रत्येक दाण्याने आपल्या वाट्याचे बरेचसे पाणी आधीच बरोबर न्यावे म्हणून. डाळ आधी का वाफवायची? ती अगदी मधे असते, तिच्यापर्यंत पाणी सर्वांत शेवटी पोचणार. पुडी घट्ट बांधायची, पण फार आवळायची नाही, असे का? फार आवळली तर पाण्याला वाट आणि दाण्यांना फुगायला जागा राहत नाही, आणि मधे कच्ची कणी राहते. सैल बांधली तर पाणी फार शिरते आणि वडी पचपचीत होते.

मांसालाही वेळ लागतो. त्यातल्या चिवट तंतूंतील कोलॅजेन नावाचे प्रथिन गरम पाण्यात हळूहळू विरघळून जिलेटिन बनते. हे काम काही तासांचे आहे. चरबी वितळून डाळीत आणि भातात मुरते, तीही सावकाश. दहा तासांनंतर भाताचा दाणा वेगळा ओळखू येत नाही, सगळ्याची मिळून एकजीव वडी होते. म्हणजे दहा तास ही नुसती रूढी नाही. उष्णता पोचायला त्यातला थोडाच भाग लागतो, बाकीचा वेळ पाण्याचा आणि रेणूंचा आहे.

जाळ किती हवा?

दहा तास उकळायचे म्हणजे दहा तास मोठा जाळ हवा, असे मात्र नाही. पाणी रटरट उकळो किंवा मंद उकळो, त्याचे तापमान तेच राहते, सुमारे १०० अंश. जादा जाळाने फक्त पाण्याची वाफ जास्त होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. त्या मानाने साडेतेराशे ग्रॅमची एक वडी २५ पासून १०० अंशांपर्यंत तापवायला सव्वातीनशे किलोज्यूलच्या आसपास पुरतात. म्हणजे लिटरभर पाणी वाफ होऊन उडाले, की सहा-सात वड्या तापवण्याइतकी उष्णता फुकट गेली. तेव्हा उकळी आली की आच मंद करावी आणि हंड्यावर झाकण ठेवावे.

पाणी आटले तर वरच्या वड्या उघड्या पडतात, म्हणून ते भरत राहावे लागते. पण भरायचे ते आधणाचे पाणी. समजा, हंड्यात २० लिटर उकळते पाणी आहे आणि तुम्ही त्यात २० अंशांचे ५ लिटर पाणी ओतले. मिश्रणाचे तापमान झाले ८४ अंश. पुन्हा उकळी येईपर्यंत शिजणे मंदावते. म्हणून जाणत्या घरांत शेजारच्या चुलीवर दुसरे भांडे गरम ठेवलेले असते.

प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. तेथे स्टार्च आणि कोलॅजेनचे काम बरेच लवकर उरकते, म्हणून आता अनेक जण लहान वड्या कुकरमध्ये करतात. पण ६ सें.मी. जाडीच्या वडीचा मध्य तापायला कुकरमध्येही तासभर तरी द्यावा लागतोच. वहनाचा नियम कुकरलाही चुकत नाही.

चिकट तांदूळच का?

तुम्ही म्हणाल, आपला कोलम किंवा आंबेमोहोर घेतला तर? स्टार्चचे रेणू दोन प्रकारचे असतात. अमायलोजचा रेणू लांब, सरळ साखळीसारखा. अमायलोपेक्टिनचा रेणू प्रचंड मोठा आणि झाडासारखा फांद्या फुटलेला. आपल्या नेहमीच्या तांदळात साधारण वीस ते तीस टक्के अमायलोज असते, काही मऊ जातींत त्याहून कमी. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच. अमायलोज बनवणारे एक जनुक त्यात निकामी झालेले असते. त्यामुळे शिजल्यावर फांद्यांचे जाळे एकमेकांत गुंतते आणि दाणे घट्ट चिकटतात. साध्या तांदळाची वडी कापताना मोकळी होईल. आपल्या देशातही असा तांदूळ पिकतो. आसामातील 'बोरा' तांदूळ याच प्रकारचा आहे.

ही चिकट वडी सुरीने कापणे अवघड, सुरीलाच भात चिकटतो. म्हणून व्हिएतनामी लोक बांधणीच्या पट्ट्या बारीक चिरून त्या वडीवर चार दिशांनी आडव्या-उभ्या ठेवतात, वडी उलटी करतात आणि पट्ट्यांची टोके ओढतात. वडीचे सारखे आठ तुकडे होतात. बारीक पट्टीचा स्पर्श फार थोड्या जागी होतो, म्हणून दाब जास्त आणि चिकटणे कमी.

हिरवा रंग आणि पान

पान मांडताना त्याची गडद हिरवी बाजू आत, तांदळाकडे ठेवतात. उकळताना पानातील हरितद्रव्य थोडे भातात उतरते आणि वडीवर फिकट हिरवी छटा येते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. दीर्घकाळच्या उष्णतेने आणि पानातील आम्लांमुळे तो निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो, आणि पोपटी रंगाचा शेवाळी रंग होतो. म्हणून बाहेरचे पान शेवटी तपकिरी-हिरवे दिसते.

पानाचे आपल्याशीही नाते आहे. ज्या हळदीच्या पानात आपण पातोळ्या उकडतो ती हळद, केळ आणि झोंग ही सर्व वनस्पतींच्या एकाच गणात मोडतात. रुंद, लवचीक आणि उकळूनही न फाटणारे पान ही या गणाची देणगी आहे.

'पुन्हा तांदूळ झाला!'

हंडा उतरल्यावर वड्या थंड पाण्यात धुतात आणि फळीखाली वजन ठेवून काही तास दाबतात. जादा पाणी निघून जाते आणि वडी घट्ट होते.

ठेवलेली वडी काही दिवसांनी कडक होते. व्हिएतनामी भाषेत याला 'लाय गाओ' म्हणतात. अर्थ, 'पुन्हा तांदूळ झाला'. रसायनशास्त्र हेच सांगते! थंड झाल्यावर स्टार्चचे विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांशेजारी रचून बसू लागतात आणि पाणी बाहेर टाकतात. आपला शिळा भात टणक होतो तो याच कारणाने. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे नेमके फ्रिजमध्ये, हे सर्वांत वेगाने घडते. उपायही सोपा: पुन्हा वाफवा किंवा तव्यावर परता. रचना परत मोडते आणि वडी मऊ होते. शिळ्या भाताला फोडणी दिली की तो मऊ होतो, तसेच हे.

मग वडी फ्रिजमध्ये ठेवूच नये का? तसे नाही. हनोईत जानेवारीचे सरासरी तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असते, म्हणून तेथे वडी बाहेर टिकायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकणार नाही. दहा तास उकळूनही काही जीवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भातात आढळणारा बॅसिलस सेरियस हा त्यातलाच. उबदार हवेत हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. तेव्हा कडक झाली तरी चालेल, पण वडी थंड जागीच ठेवावी. मधे कच्ची, ओलसर राहिलेली वडी तर लवकरच बिघडते. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून बाकीचे खाऊ नये, सगळी वडी टाकून द्यावी.

करून पाहा

१. एका बटाट्याचे २ सें.मी. बाजूचे दोन घन कापा. मोठ्या बटाट्यांतून ४ सें.मी. बाजूचे तीन घन कापा. सगळे एकदम उकळत्या पाण्यात टाका. ५ मिनिटांनी एक लहान आणि एक मोठा, १० मिनिटांनी एक मोठा, आणि २० मिनिटांनी उरलेले दोन्ही बाहेर काढून मधोमध चिरा. शिजलेला भाग कच्च्या गाभ्यापेक्षा वेगळा दिसेल. लहान घनाची ५ मिनिटांची स्थिती मोठ्या घनात केव्हा दिसते, ते वहीत नोंदवा. वर्गाचा नियम तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल.

२. चिकट तांदूळ मिळाला तर त्याची आणि साध्या तांदळाची पातळ खळ वेगवेगळी करून गार होऊ द्या. प्रत्येकीत सौम्य आयोडीनचे दोन थेंब टाका. साधी खळ काळपट निळी होईल, चिकट तांदळाची तांबूस-तपकिरी. निळा रंग अमायलोजमुळे येतो. तपासलेली खळ खाऊ नका.

३. ८ सें.मी. लांब-रुंद आणि ३ सें.मी. जाड अशी मुगाच्या डाळीची छोटी वडी केळीच्या पानात बांधून पाहा. पान आधी आचेवर शेकले की फाटत नाही. घरच्या मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ती निदान तीन तास उकळा.

आणि दोन प्रश्न. या छोट्या वडीचा मध्य तापायला किती मिनिटे लागतील, हे वर्गाच्या नियमाने काढा. तसेच, उत्तर व्हिएतनाममधील सा पा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच आहे. तेथे बान्ह चुंगला हनोईपेक्षा जास्त वेळ द्यावा लागेल की कमी? उत्तराबरोबर कारणही लिहा, आणि तुमचे उत्तर वर्गातल्या शिक्षकांशी पडताळून पाहा.